काट्यावर चढलेली आत्या

लातुरात इतिहास शिकवायचा म्हणजे धीर लागतो. आमच्याकडे पोर पाळण्यात असतं तेव्हाच ते डॉक्टर होणार की इंजिनिअर, यावरून घरात दोन पक्ष पडलेले असतात. दोन्हीकडून सुटलेली आणि घरीही बसू न दिलेली मुलं माझ्या वाट्याला येतात. दुपारी दोनचा तास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि पोटात नुकताच गेलेला डबा. मी गेली चोवीस वर्षं या मुलांना जागं ठेवतेय, आणि त्यासाठी हसवतेय. वर्ग हसला की मला वाटतं, शिकवून झालं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, मी प्राध्यापक होण्याऐवजी गॅदरिंगमध्ये निवेदन करायला हवं होतं. तो बँकेत आहे. त्याच्या मतांकडे मी फारसं लक्ष देत नाही.

दुसऱ्या वर्षाला युरोपचा इतिहास असतो. राजे, तह आणि लढाया यांच्या मधे कुठेतरी चेटकिणींच्या खटल्यांवर दीड पान आहे. ते दीड पान मी तीन तास शिकवते, कारण तेवढ्यापुरती सगळी पोरं डोळे उघडून बसतात. गारपीट झाली, द्राक्षं गेली, गाय आटली, की तिकडची गावं कारण शोधायला निघायची, आणि कारण बहुधा गावाच्या टोकाला एकटं राहत असायचं. मग तिच्या अंगाला सुया टोचून बघायच्या. जिथे दुखणार नाही तिथे सैतानाची खूण. नाहीतर हातपाय बांधून तळ्यात टाकायचं. बुडाली तर निर्दोष, तरंगली तर चेटकीण.

"म्हणजे मॅडम, पास झाली तरी गेलीच की!" मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी म्हणतं.

"दोरी बांधलेली असायची. ओढायची आठवण राहिली तर वाचायची," मी सांगते. वर्ग हसतो. मग मी आवाज जरा खाली आणून सांगते, की हे अडाण्यांचं काम नव्हतं. खटले चालवणारे न्यायाधीश शिकलेले होते. छापखाना नवा नवा आला होता, तर चेटकीण कशी ओळखायची याचीच पुस्तकं निघाली आणि गावोगाव गेली. हे वाक्य मला फार आवडायचं. ते मी दर वर्षी म्हणायचे, आणि त्याचा अर्थ मला यंदा कळला.

एका वर्षी एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, आमच्याकडं भानामती म्हणतात, ती हीच का?" आमच्या मराठवाड्यात भानामती सगळ्यांना ठाऊक आहे. अंगावर फुल्या उठतात, वाळत घातलेली लुगडी पेटतात, बायका कुत्र्यासारख्या भुंकतात, आणि मग हे 'केलं' कुणी, त्याचा शोध सुरू होतो. मी त्या मुलीला म्हणाले, "ते आपल्याकडचं, हे तिकडचं. परीक्षेला तिकडचं येतं." वर्ग तेव्हाही हसला. मुलगी खाली बसली. आज तिची माफी मागायची म्हटलं तर ती कुठे असेल, तेही मला माहीत नाही.

तर यंदा कॉलेजात तपासणीची समिती यायची होती. सगळ्यांनी आपापले तास रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचे, असा हुकूम निघाला. मी नवी साडी नेसले आणि अर्थातच चेटकिणी निवडल्या. कॅमेऱ्यापुढे तर मला आणखीच चेव आला. "युरोपात चेटकीण ओळखायची कशी?" मी म्हणाले. "म्हातारी, एकटी, जिभेनं तिखट, चार झाडपाल्याची औषधं ठाऊक असलेली आणि पायात एक मांजर. म्हणजे थेट आमची उमरीकडची आत्याच! तिकडे जन्मली असती तर पहिल्याच खेपेला जाळली असती!" हशा असा पिकला की माझा पुढचा मुद्दा त्यात बुडाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला तशी माहेरी परत आली, ती उमरीजवळच्या आमच्या गावातच राहिली. तिला दोन खोल्यांचं घर आहे आणि चार शेळ्या. बाळंतिणींना तेल लावणं, तान्ह्यांना अंघोळ घालणं, पोट धरलं तर ओवा-हिंग देणं, हे तिचं काम. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. सगळं गाव तिला आत्याबाईच म्हणतं. भांडायला मात्र पटाईत. एकदा ग्रामसेवकाला तिनं असं फैलावर घेतलं की तो आठ दिवस आमच्या गल्लीतून गेला नव्हता.

दसऱ्यानंतर एका सकाळी तिचा फोन आला. ती फोनवर कधी हळू बोलत नाही, त्या दिवशी हळू बोलली.

"बाई, तू माझ्याबद्दल काय बोललीस का गं?"

"काय झालं?" मी विचारलं. मग तिनं जे सांगितलं ते असं. तिच्या शेजारच्या घरातली सून गेला महिनाभर आजारी होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, वय वीसएक. काम करता करता पडायची, दातखीळ बसायची आणि भानावर येताना विचित्र ओरडायची. घरच्यांनी तिला देवरुष्याकडे नेलं. तिथे तिच्या तोंडून आत्याचं नाव निघालं. तरी निम्मं गाव म्हणत होतं, छे, आपली आत्याबाई असं कशाला करील. तेवढ्यात माझा व्हिडिओ आला. शेजारगावची माझी एक विद्यार्थिनी. तिनं अभिमानानं तो ग्रुपवर टाकला, 'आपल्या भागातल्या मॅडम' म्हणून. कुणीतरी त्यातलं अर्धं मिनिट कापून घेतलं. चेटकीण ओळखायची कशी, म्हणजे थेट आमची उमरीकडची आत्याच, आणि हशा.

"लोक म्हणून राहिले, तिच्या सख्ख्या भाचीला ठाऊक हाय, आन् ती तर प्रोफेसर हाय," आत्या म्हणाली. "आता मला म्हणतेत, आत्याबाई, चार दिवस लातूरला जाऊन या."

चार दिवस. आमच्या गावात हे शब्द कसे वापरतात ते मला चांगलं ठाऊक आहे. ती एकदा एसटीत बसली की तिनं कबूल केलं असा अर्थ होणार, आणि परत यायची वाट बंद. पासष्ट वर्षांची बाई, स्वतःच्या माहेरातून, माझ्या एका विनोदापायी. मी तास रद्द केला आणि नांदेडची गाडी पकडली.

नांदेडहून पॅसेंजर. मुदखेडला ती नेहमीप्रमाणे क्रॉसिंगला उभी राहिली आणि मला विचार करायला पाऊण तास मिळाला. तेवढ्यात मी मनातल्या मनात संपूर्ण गावाला अटक करवली. आपल्या राज्यात जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. कलमं मी फोनवर शोधून ठेवली. उमरीला उतरले तेव्हा मी जवळजवळ फौजदार झाले होते.

आत्यानं माझं भाषण ऐकलं, चहा दिला आणि म्हणाली, "पोलिस येतेत, जीप फिरते, धूळ उडते, निघून जातेत. मग सकाळी मला कुणाचं तोंड बघायचंय? ह्यांचंच ना?"

"मग काय करायचं?"

"तुझ्या त्या बुकातल्या बायकांनी काय केलं?"

मी तिला सगळं सांगितलं, सुया, तळं, सगळंच. ती ऐकत होती. "आपल्याकडं दात पाडायचे म्हणे आधी," ती म्हणाली, "मंतर नीट म्हणता येऊ न्हाई म्हणून. माझे तर नांदेडच्या डॉक्टरनं कधीच काढलेत. आता पाडायचे म्हणले तर कवळी द्यावी लागंल त्यांच्या हातात." आणि ती खदखदून हसली. मला हसू येईना.

"सुटली का न्हाई कुणीच?" तिनं विचारलं.

मग मला हॉलंडमधल्या एका छोट्या गावाची गोष्ट आठवली. ती मी वर्गात कधी सांगत नाही, वेळच उरत नाही. चेटकीण झाडूवर बसून उडते म्हणजे तिला वजन नसणार, असं लोक धरून चालायचे. त्या गावात माल तोलायचा सरकारी काटा होता. ज्या बाईवर आळ आला ती दूरदूरून तिथे यायची, काट्यावर चढायची, आणि तिचं वजन माणसाइतकंच भरलं असा शिक्का मारलेला कागद घेऊन घरी जायची. काटा खरा होता, त्यामुळे तिथे कुणी नापास होत नसे.

आत्यानं चहाचे कप विसळून पालथे घातले.

"आपल्या पाराजवळ उद्या काटा येऊन राहिलाय," ती म्हणाली. "सोयाबीनवाल्याचा."

"आत्या, हा मूर्खपणा आहे. त्यांचं खुळ खरं धरल्यासारखं होईल."

"ते तू शिकलेली हायेस म्हणून तुला वाटतंय," ती म्हणाली. "मला काट्याचं काम हाय."

मी तिला शेवटी विचारलंच, की त्या पोरीनं तुझंच नाव का घेतलं. आत्या उठली आणि शेळ्यांकडे गेली. "घेतलं आसंल," एवढंच ती पाठमोरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पारापाशी व्यापाऱ्याचा टेम्पो लागला होता. शेतकऱ्यांनी आपापली पोती आणून रचली होती. इलेक्ट्रॉनिक काटा, आणि त्याच्यापाशी उमरीचा म्हातारा मापाडी. हा माणूस तीस-एक वर्षं या भागातलं धान्य तोलतोय, त्याआधी त्याचा बाप तोलायचा. गावं वेगवेगळ्या पक्षांची असतात, पण मापाडी सगळ्यांचा एकच असतो. पहिलं पोतं चढलं की तो 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, आणि मग दोन, तीन. काटा यंत्राचा झाला तरी ती रीत त्यानं सोडली नव्हती.

सगळे तिथे होते, म्हणून मी तिथेच उभी राहिले आणि बोलायला लागले. युरोपपासून सुरुवात केली, छापखान्यापर्यंत आले. लोक सभ्यपणे ऐकत होते, शेळ्याही ऐकत होत्या. शेवटी त्या आजारी पोरीचा सासरा उठला. साधा, कष्टाळू माणूस, मला लहानपणापासून ओळखणारा.

"बाई," तो म्हणाला, "ते युरोपाचं ऱ्हाऊ द्या. तुमी आत्याबाईला बोलल्या ते खरं का खोटं, तेवढं सांगा."

चोवीस वर्षांत इतका सोपा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि इतकं अवघड उत्तर मी कधी दिलं नव्हतं. "खोटं," मी म्हणाले. "पोरांनी हसावं म्हणून बोलले." कुणीही हसलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मला लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

"तिचं झालं, आता माझं," असं म्हणून आत्या पुढे आली आणि सरळ मापाड्यासमोर उभी राहिली. हॉलंडची गोष्ट तिनं दोन वाक्यांत सांगितली. ती सांगायला मला तीन तास लागले असते. "भूत हवेत उडतंय, माणूस काट्यावर भरतंय. तोल मला."

मापाड्यानं गावाकडे बघितलं, गावानं त्याच्याकडे. मग त्यानं दाढी खाजवली. "तोलतो की. काट्याला काय, त्याला सोयाबीन आन् माणूस सारखंच. बारदाना किती धरू, आत्याबाई?" बारदाना म्हणजे पोत्याचं स्वतःचं वजन, ते मालातून वजा करतात.

"नेसलंय त्याचं एक किलो धर. कवळी माझीच हाय, ती कापू नको."

पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं. आत्या काट्यावर चढली. मापाड्यानं खणखणीत आवाजात पुकारलं, "लाभ! एक्केचाळीस किलो दोनशे!" आणि पावतीपुस्तकातला कागद फाडून त्यावर तसं लिहून दिलं. आत्यानं तो कागद घडी करून कमरेला खोचला. उतरली मात्र नाही.

"आता बाकीचे बी चढा. मी एकलीच कामून? बघू तरी गावात कोन उडतंय."

एवढं म्हणून ती उतरली, आणि मग जी मजा झाली ती सांगायला नको. सरपंच चढले, शहाण्णव भरले, आणि हे काई एका झाडूवर उडणार न्हाईत असा शेरा मागून आला. सासरा चढला, बहात्तर. त्याची बायको लाजत चढली, चौसष्ट. मला चढवलं. आकडा मी इथे लिहिणार नाही, पर्स हातात होती एवढंच सांगते. मापाडी दर वेळी पुकारत होता, 'दोन, तीन, चार', आणि ज्यांनी कालपर्यंत आत्याच्या दारावरून जाताना तोंड फिरवलं होतं ते तिला विचारत होते, "आत्याबाई, माझं बरुबर भरलं का?" कालच्या भीतीचं आज हसू व्हायला एक काटा पुरला. मी मनात म्हटलं, जिंकली बाई माझी आत्या.

पण आत्या हसत नव्हती. ती शेजारच्या घराच्या ओट्याकडे बघत होती. तिथे सून भिंतीला टेकून बसली होती.

"तिला बी आणा," आत्या म्हणाली.

"तिला कशाला? आजारी हाय ती," सासू म्हणाली.

"सगळ्या गावानं तोलून घेतलं. भूत तर तिच्याच अंगात हाय म्हणता. तिलाच सोडायची व्हय?"

दोन बायकांनी तिला धरून आणलं. पायात मोठ्या चपला, अंगावर भरपूर साडी, डोक्यावरून पदर. ती काट्यावर चढली. मापाड्यानं पुकारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं तिला उतरवलं, काटा शून्यावर आणला, पुन्हा चढवलं.

"एकतीस किलो आठशे," तो म्हणाला. या वेळी त्यानं पुकारलं नाही, नुसतं सांगितलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "सोयाबीनचं अर्धं पोतं. बाप्पा, पोरीत काई हायेच न्हाई."

सासूनं आकड्याकडे बघितलं, मग सुनेच्या मनगटाकडे. मला वाटतं तिनं ते मनगट बऱ्याच दिवसांनी बघितलं. ती वाईट बाई नाही. सुनेला दिवस जात नाहीत म्हणून तिनं उपास लावून दिले होते, सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थ्या. उरलेल्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर राहील ते. स्वतः तिनंही सून असताना हेच केलं होतं, आणि तिला वाटत होतं आपण पोरीचं भलंच करतोय.

"हिला देवरुषी नको," आत्या म्हणाली. "दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

सासऱ्यानं कुणालातरी जीप आणायला पाठवलं. जीप आली, पण पोर चढेना. आत्याचा हात धरून उभी राहिली. "आत्याबाई येत असल्या तर जाते," ती म्हणाली. महिनाभरात ती इतकं स्पष्ट काही बोलली नव्हती, असं नंतर मला लोकांनी सांगितलं.

मला राहवलं नाही. तिला जीपमध्ये बसवताना मी हळूच विचारलं, "मग बाळा, देवरुष्याकडे तू हिचंच नाव का घेतलंस?"

तिनं सासूकडे बघितलं आणि खाली मान घातली. "त्येनं इचारलं, घराबाहेरच्या कुणाच्या हातचं खाल्लीस का? देवीची शपथ घातली. मग खोटं कसं बोलू? उपासाच्या दिवशी आत्याबाई मला भिंतीवरून भाकर देत व्हत्या."

आत्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. गावानं तिला चेटकीण ठरवलं तरी नाही, मी विचारलं तेव्हाही नाही. सांगितलं असतं तर पोरीनं उपास मोडला हे सासूला कळलं असतं. युरोपातल्या खटल्यांत बायकांची नावं कुणी घेतली, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून देते. वैरी, शेजारी, छळ सोसून फुटलेल्या दुसऱ्या बायका. एखाद्या उपाशी पोरीनं, शपथेखातर, फक्त खरं सांगितलं असेल, हे माझ्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. मी तिथेच पारावर बसले आणि सगळ्या गावासमोर रडले.

जीप सुरू झाली. आत्यानं पोरीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि खिडकीतून माझ्यावर ओरडली, "रडून काय राहिलीस? घराचं दार उघडंच ठेव. सांजेला मी घरी येते."